शेवटच्या पायरीवरची पावलं

मी एक जुनी पायरी आहे, मित्रांनो. नदीकाठच्या पायऱ्यांमधली अगदी शेवटची. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि तेच बरं आहे. माझ्या वरच्या बहिणींना सगळे ओळखतात. त्यांच्यावर बसून लोक गप्पा मारतात, चपला धुतात, भांडतात आणि भांडण मिटवायलाही तिथेच येतात. माझं काम वेगळं होतं. मला पाण्याखाली राहायचं होतं. कुणालाही न दिसणं हेच माझं काम, आणि ते मी फार वर्षं नीट केलं.

मी काळ्या दगडाची. पाथरवटाने मला घडवलं तेव्हा मातीचा बांध घालून नदीला जरा बाजूला सरकवलं होतं. त्याची लहान मुलगी रोज दुपारी त्याचा जेवणाचा डबा घेऊन यायची. काम संपत आलं त्या दिवशी त्याने तिला माझ्यावर उभं केलं, नदीकडे पाठ आणि घरांकडे तोंड करून. मग कोळशाने तिच्या पावलांभोवती रेघ ओढायला लागला. तिला गुदगुल्या होत होत्या.

"हलू नकोस गं, बोटं वाकडी येतील."

"पण बाबा, ही तर पाण्यात जाणार. माझी पावलं बघणार कोण?"

"कुणी बघू नयेत म्हणूनच काढतोय," तो म्हणाला. "ही पायरी उघडी पडली, तर नदीचं काहीतरी बिनसलं असं समजायचं. मग जो इथवर येईल, त्याने या पावलांवर पावलं ठेवायची. तोंड आपोआप घरांकडे होईल. मग सरळ वर जायचं आणि सगळ्यांना सांगायचं."

"काय सांगायचं?"

"नदी चाललीय म्हणून."

मुलगी हसली. तिला वाटलं, बाबा गंमत करतायत. नदी चालतेच की रोज!

त्याने छिन्नी घेतली आणि माझ्या अंगावर दोन लहान पावलं खोल कोरली. दुसऱ्या दिवशी बांध फोडला. पाणी आलं ते आधी टाचांत शिरलं, मग बोटांत, आणि मग माझ्यावर अंधार पडला.

अंधार म्हटलं म्हणून घाबरू नका. तो हिरवा, थंड, भला अंधार होता. लहान मासे माझ्यावरचं शेवाळ खात. माझ्याखाली वाळूची जाड गादी होती. ती एकेक कण वाहून जायची आणि एकेक कण नवी यायची, त्यामुळे मला कधी खड्ड्यात गेल्यासारखं वाटलं नाही. आणि बातम्या तर घरपोच! नदी डोंगरांतलं सगळं सांगत येते. वरती पाऊस पडला की तो लगेच धावत येत नसे. आधी झाडांच्या मुळांशी थांबायचा, मग वरच्या पाणथळीत लोळायचा, जमिनीत मुरायचा, आणि कितीतरी महिन्यांनी झऱ्यांतून निथळत, गार होऊन माझ्यापर्यंत पोचायचा. त्या गारव्यावरून मी ओळखायचे की आता वरती ऊन तापलंय, पण जमिनीने राखून ठेवलेलं पाणी अजून येतंय. गावही निर्धास्त असायचं.

मग गारवा कमी झाला.

प्रथम मला वाटलं, मीच म्हातारी झाले. पण पाण्याची चवही बदलली होती. पाऊस आता थांबत, लोळत येत नव्हता. लाल चिखल घेऊन, पाठीमागे कुणी लागल्यासारखा धावत यायचा, माझ्या बहिणींना गदागदा हलवायचा आणि निघून जायचा. मग पुढे महिनोन्‌महिने नुसती शांतता. वरची झाडं गेली होती. पाणथळीत मुरूम टाकून तिथे सपाट जागा केली होती. हे सगळं मला पाण्यानेच सांगितलं, पण तुटक तुटक. जणू धापा टाकत कुणी निरोप सांगतंय आणि मधलेच शब्द गळतायत.

त्याच सुमाराला ती घरघर सुरू झाली. नदीच्या मधोमध एक तराफा उभा राहिला. त्याच्यावर वाळू ओढणारं यंत्र होतं. त्याची जाड नळी तळापर्यंत जायची आणि दिवसभर वाळू पीत बसायची. माझ्याखालची गादी हळूच सरकायला लागली. एक कण जायचा, आणि त्याच्या जागी नवा यायचा नाही. कुणीतरी खाली बसून, आवाज न करता, माझे पाय कुरतडतंय असं मला वाटायचं. मासे केव्हाच गेले होते. जाताना त्यांनी काही सांगितलं नाही.

आणि एका सकाळी माझ्या अंगावर काहीतरी गरम पडलं. जन्मल्यापासून विसरलेली गोष्ट होती ती. ऊन.

मित्रांनो, मी उघडी पडले होते.

मला वाटलं, आता लोक घाबरतील. पण झालं भलतंच. मी दिसले म्हणून लोकांना आनंद झाला! शेवाळ वाळून गळलं तशी ती दोन लहान पावलं स्पष्ट झाली. बोटं घरांकडे, टाचा नदीकडे. एखादं मूल पाण्यातून बाहेर येऊन गावाकडे चालत निघालंय अशी. पाथरवटाचं सांगणं कुणालाच आठवत नव्हतं. बघायला गर्दी लोटली. लोकांनी माझे फोटो काढले. कुणी म्हणालं, "नदीची मुलगी आली बघा वर!" झालं, ते नावच पडलं. मुलांनी तर खेळ काढला. एकेकाने आपलं पाऊल त्या पावलात ठेवून पाहायचं. जिचं बरोबर बसेल, ती नदीची मुलगी.

"काका, होडी कधी काढणार?" मुलं नावाड्याला विचारायची. त्याची होडी चिखलात कलंडून पडली होती.

"होडी शिकतेय आता," नावाडी म्हणायचा.

"काय शिकतेय?"

"चालायला."

सगळे हसायचे. तोही हसायचा, पण हसून झाल्यावर नदीकडे बघत नसे.

पायऱ्यांच्या वरच्या टोकाला पहिलं घर शिंपिणीचं होतं. खिडकीशी तिचं शिवणयंत्र. त्याचा खडखडाट घराच्या जोत्यातून, मातीतून, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत माझ्यापर्यंत यायचा. मधूनच तो थांबायचा. थांबला की समजायचं, तिने मान वर केली आणि पोरीला शोधतेय. पोर दिसली की यंत्र पुन्हा सुरू. तिच्या मुलीला सगळे खारू म्हणत, कारण ती सरळ कधी चालायचीच नाही, खारीसारखी तुरुतुरु पळायची. शेजारीण शिंपिणीची थट्टा करायची, "अगं, दोन टाके घालून शिवूनच टाक तिला पदराला! तुझ्या जिवाला घोर नको आणि आमच्या डोक्याला तुझं 'थांब, थांब' नको."

"शिवली असती," शिंपीण म्हणायची. "पण ती पदर घेऊन पळेल."

'थांब' हा तिचा एकच मंत्र होता. आणि खारूला तिने एक नियम घालून दिला होता: पायऱ्या उतरताना पाणी घोट्याला लागलं की थांबायचं, त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही. नियम चांगला होता. तिलाही तिच्या आईने तोच शिकवला होता. पाणी जागेवर असेपर्यंत तो कुणालाच दगा देणार नव्हता.

एके दिवशी खेळताना खारूने त्या कोरलेल्या पावलांत पावलं ठेवली. अंगठ्याला अंगठा, टाचेला टाच. तसूभरही फरक नाही.

"नदीची मुलगी! खारू नदीची मुलगी!" पोरं ओरडली.

वर शिवणयंत्र थांबलं. बराच वेळ ते सुरूच झालं नाही.

त्यानंतर शिंपीण रोज सकाळी पायऱ्या उतरून माझ्यापाशी यायला लागली. तिला एक गोष्ट खटकली होती. नदी माझ्याही खाली गेली होती. माझ्या सगळ्या बहिणी कोरड्या ठणठणीत होत्या. मीही कोरडी. ती दोन पावलं मात्र रोज सकाळी पाण्याने भरलेली असायची. काठोकाठ, आत्ताच कुणी ओल्या पायांनी उभं राहून गेल्यासारखी. तिने चिंधीने ती पुसली आणि समोर बसून राहिली. आजूबाजूला कुणी नव्हतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी पुन्हा आलं. आधी बोटांच्या खळग्यांत, एकेक थेंब. मग तळव्यात. मग टाचेत.

तिच्या अंगावर काटा आला. पळून जावंसं वाटलं असणार, पण ती गेली नाही. वाकून तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग माझ्या आणि वरच्या पायरीच्या सांध्यात हात घातला. तिथून पाणी पाझरत होतं. काठाच्या पोटातून. ते गार होतं, आणि त्याला तिच्या घरामागच्या विहिरीची चव होती.

त्याच दिवशी तिच्या विहिरीत बादली बुडाली नाही. चिखलावर आपटून कोरडी वर आली.

खारूचे बाबा त्या तराफ्यावरचं यंत्र चालवायचे. माणूस चांगला. घरी येताना मुलीसाठी नदीतले गुळगुळीत गोटे आणायचा. जेवायला आला तेव्हा शिंपिणीने त्याला पायऱ्यांवरच गाठलं.

"अहो, आपली विहीर नदीत चाललीय."

"विहिरीला काय पाय फुटलेत?"

"फुटलेत. मी पाहिलेत."

तो हसला. ती हसली नाही. ती म्हणाली, "तुम्ही तळ इतका खोल केलात की काठातलं पाणी तिकडे ओढलं जातंय. त्या पावलांतून रोज जातंय ते. आपलं, शेजारचं, सगळ्या गल्लीचं. किती खोल गेलाय तो खड्डा?"

"नळी जाते तेवढा."

"म्हणजे किती?"

"कोण मोजतंय? अगं, वरून एक लोंढा आला की खड्डा आपोआप भरतो. नदी काय आजची आहे?"

"लोंढा येतो तो चिखल घेऊन. वाळू डोंगर देतो, आणि तो काय तुमच्या यंत्राच्या घाईने देतो का?"

"तुला ना, सगळ्यातच भुतं दिसतात," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात धुवायला पाणी मोजकंच होतं. तांब्या तिरका करताना तो जरा थांबला, हे मी पाहिलं.

मला ओरडून सांगायचं होतं. माझ्याखाली आता काहीच उरलं नव्हतं. फक्त मागची कड काठात अडकली होती, पुढचा सगळा भाग अधांतरी. खालच्या पोकळीत पाणी उभं होतं, काळं आणि अगदी स्थिर. ते वाहत नव्हतं. वाट बघत असल्यासारखं उभं होतं. पण दगडाला तोंड नसतं, मित्रांनो. पाथरवटाने मला फक्त पाय दिले होते.

मग ती दुपार आली. ऊन रणरणत होतं. काठावर चिटपाखरू नव्हतं. मधोमध तराफ्यावरची घरघर चालू होती. खारू एकटीच पायऱ्या उतरत आली. प्रत्येक पायरीवर ती थांबून पायाकडे बघायची. नियम तिला तोंडपाठ होता. पाणी घोट्याला लागलं की थांबायचं. पण पाणी कुठेच लागत नव्हतं. म्हणून ती थांबली नाही. खाली, खाली, खाली, माझ्यापर्यंत.

माझ्यावर येऊन तिने सवयीने त्या पावलांत पावलं ठेवली. तोंड घराकडे, पाठ नदीकडे. मग खिडकीकडे बघून ओरडली, "आई! अजून घोट्याला नाही लागलं गं!" आणि तिने एक टाच उचलली. मागे पाणी आहे का, हे टाचेने चाचपडून बघायला.

शिवणयंत्र थांबलं.

शिंपीण दारात आली. तिने मुलीकडे पाहिलं आणि मग मुलीच्या पायाखाली. इतके दिवस ती पावलं निरखत होती, म्हणूनच तिला ते दिसलं. पावलांतलं पाणी बोटांकडून सरकून टाचांकडे चाललं होतं आणि टाचेवरून सांडत होतं. मी कलत होते.

तिच्या ओठांवर 'थांब' आलं होतं. आयुष्यभराचा शब्द. तो ऐकला असता तर खारू शहाण्या मुलीसारखी माझ्यावर थांबली असती. शिंपीण खाली धावत आली असती, तर पोचेपर्यंत उशीर झाला असता. तिने दोन्ही केलं नाही. ती चक्क हसली. केवढं कठीण हसू होतं ते!

"खारे! राज्य तुझ्यावर! पकड मला!"

असं म्हणून ती वळली आणि पाठ फिरवून गल्लीत पळाली. जिने एक क्षणही मुलीवरून नजर काढली नव्हती, ती आई नदीकाठच्या मुलीकडे पाठ करून पळत होती. तिच्या पावलांचा धडधडाट मला मातीतून ऐकू येत होता, आणि त्याहून जोरात तिचं काळीज.

खारूने किंकाळी फोडली, आनंदाची. उचललेली टाच पुढे आली. ती उडी मारून वरच्या पायरीवर गेली, मग त्याच्या वरच्या, तुरुतुरु तुरुतुरु, "थांब आई! थांब ना!" करत.

तिच्या उडीचा धक्का मला पुरला. मागची कड सुटली आणि मी गेले.

आवाज फार झाला नाही. मी पाण्यात शिरले तेव्हा एक मोठा बुडबुडा वर आला, एवढंच. मी तळ येण्याची वाट पाहत होते. तळ येता येत नव्हता.

वर घरघर बंद झाली. बाबांनी पायऱ्यांचं टोक नाहीसं होताना तराफ्यावरून पाहिलं होतं, आणि त्याआधी त्यावर कोण उभं होतं तेही. ते तसेच पाण्यातून काठाकडे धावत आले. मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून "पकडलं, पकडलं" म्हणत असलेली दिसली, तेव्हा कुठे त्यांना श्वास आला. त्यांनी बांबू घेतला आणि मी होते त्या जागी पाण्यात सोडला. बांबू हातापर्यंत गेला. नावाड्याने आपला लांब बांबू आणून त्याला बांधला. तोही गेला. टेकला नाही. माझ्या डोक्यावर, खूप उंच, तो हवेत चाचपडावा तसा हलत होता.

"इथे," बाबा म्हणाले, "माझ्या लहानपणी मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचो."

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं नाही. वाळूचा ठेकेदार आला, चिडला. "एका पायरीपायी एवढा तमाशा?"

"एक गेली," शिंपीण म्हणाली. "आता वरची. मग त्याच्या वरची. मोजत या, सगळ्यात शेवटी आमचा उंबरठा आहे."

गल्ली जमली होती. प्रत्येकाची विहीर आटली होती, पण प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच. आता सगळ्यांना कळलं की सगळ्यांच्या विहिरी एकाच वाटेने गेल्यात. तराफा हलवला गेला. मग काही जण नदीच्या उगमाकडे जाऊन आले. वरच्या लोकांशी भांडले, जेवले, पुन्हा भांडले. शेवटी पाणथळीतला मुरूम काढायचं ठरलं. झऱ्यांभोवती कुऱ्हाड बंद झाली. किती पाणी उपसायचं आणि जमिनीसाठी किती ठेवायचं, हे वरचे आणि खालचे आता एकत्र बसून ठरवतात. सगळे ऐकतात असं नाही. पण न ऐकणाऱ्याला आता जाब विचारला जातो.

मलाही बाहेर काढायचं घाटत होतं. कुणीतरी म्हणालं, पायरी वर काढून बागेत ठेवू, लोक बघायला येतील. खारूच्या आईने साफ नाही म्हटलं. "तिला बुडू द्या," ती म्हणाली. "ती बुडलेलीच बरी."

त्या एका वाक्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

तर मित्रांनो, मी अजून त्या खड्ड्याच्या तळाशी आहे. उताणी. इथे पूर्वीसारखा हिरवा अंधार नाही, काळा आहे. पण गेल्या काही पावसाळ्यांत पाणी जरा हळू यायला लागलंय, आणि गार. ते येताना वाळू आणतं. एकेक कण. एकेक. तो माझ्या अंगावर टेकतो तेव्हा मला कळतं. कधी कधी लांबून, वरच्या कुठल्यातरी वळणावरून, पुन्हा एक बारीक घरघर ऐकू येते. मग माझ्यावरचे कण थरथरतात आणि निसटून जातात. आणि वर शिवणयंत्र थांबतं. तीही ऐकत असते.

माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. माझी आठवण ठेवू नका, मला शोधू नका. वरचा डोंगर, मधली पाणथळ आणि तळची वाळू सांभाळा, म्हणजे मी कुणाला दिसणार नाही. आणि तुमच्या नदीत कधी अशी एखादी पायरी उघडी पडली, पाण्यातून घरांकडे निघालेली लहान पावलं तुम्हाला दिसली, तर तिथे खेळू नका. फोटो काढत बसू नका. त्यांची बोटं जिकडे वळली आहेत तिकडे धावत जा, आणि भेटेल त्याला सांगा.

वाळू आता टाचांवर आली आहे. बोटं अजून उघडी आहेत.